मेख आणि कडा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. महाविद्यालयांत असतांना तो माझ्या नीतिशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर बसे, आणि शनिवार उजाडला कीं सह्याद्रींतल्या कोठल्या तरी गडाची वाट धरी. पदवी मिळाल्यावर त्यानें नोकरी धरिली, ती सोडिली, आणि गेलीं पांच-सहा वर्षें तो दोन शिंप्यांस हाताशीं घेऊन डोंगर चढणारांसाठीं पाठीवरच्या सॅका शिवीत आहे. पावसांत न भिजणाऱ्या, खांद्याला न काचणाऱ्या, आणि उसवल्याच तर त्याच दुकानांत पुन्हां शिवून मिळणाऱ्या अशा या सॅकांचा आतां बराच लौकिक झाला आहे. एका धनिक गृहस्थानें त्यास भांडवल देऊं केलें आहे. अट एवढीच कीं, विक्री दरसाल दुप्पट झाली पाहिजे. "सर, हिशेब मला कळतो," तो म्हणाला, "पण किती मोठें व्हावें, हें हिशेबांत कोठें सांपडत नाहीं."

हा प्रश्न त्यानें अर्थशास्त्राच्या अध्यापकाकडे न नेतां मजकडे आणला याचें प्रथम मला नवल वाटलें. विचार करूं लागल्यावर तें वाटेनासें झालें. वाढ ही गोष्ट आपल्या काळीं इतकी निर्विवाद मानली गेली आहे कीं, ती कशासाठीं, असें विचारणेंच वेडेपणाचें ठरतें. जें वाढत नाहीं तें मरतें, असें व्यापारी म्हणतो. उलटपक्षीं आपला पांढरपेशा वर्ग धंद्याकडेच नाक मुरडून पाहतो. धंदा म्हटला कीं लबाडी आलीच, अशी त्याची समजूत असते. पहिल्यास मर्यादेचा प्रश्न सुचत नाहीं, दुसऱ्यास तो विचारण्याची गरज भासत नाहीं. प्रश्न असा आहे: ज्या वस्तूवरील प्रेमामुळें एखादा उद्योग जन्मास आला, तिचाच त्या उद्योगाच्या वाढीनें घात होऊं लागला, तर उद्योग करणारानें काय करावें?

हा प्रश्न कल्पित नाहीं. डोंगर चढण्याचीं साधनें बनविणाऱ्या एका माणसाच्या आयुष्यांत तो खरोखरच उभा राहिला, आणि एकदां नव्हे, वारंवार उभा राहिला. त्या माणसाचें नांव इव्हॉन शुइनार्ड. १९३८ सालीं अमेरिकेंतील मेन राज्यांत जन्मलेला हा मुलगा लहानपणींच कॅलिफोर्नियांत आला आणि तेथें त्यास कडे चढण्याचें वेड लागलें. त्या काळीं चढणारा खडकाच्या भेगेंत लोखंडी मेख ठोकी, मेखेंत कडी अडकवी, कडींतून दोर ओवी, आणि त्या आधारावर पुढें सरके. युरोपांतून येणाऱ्या मेखा मऊ लोखंडाच्या असत. एकदां ठोकलेली मेख बहुधा तेथेंच सोडून द्यावी लागे. योसेमिटी दरींतला एल् कॅपिटन हा कडा तर सुमारें ३००० फूट उंच. त्यास किती मेखा पुरणार? १९५७ सालीं शुइनार्डनें मोडीच्या बाजारांतून एक जुनी कोळशाची भट्टी घेतली, ऐरण व हातोडे मिळविले, आणि लोहारकाम आपलें आपणच शिकून पीक कापण्याच्या एका जुन्या यंत्राच्या पात्यापासून पहिल्या मेखा घडविल्या. पुढें तो क्रोम-मॉलिब्डेनमच्या कठीण पोलादाच्या मेखा करूं लागला. त्या ठोकाव्या, काढाव्या आणि पुन्हां ठोकाव्या. तासाला दोन मेखा होत. एकीची किंमत दीड डॉलर. मोटारीच्या मागच्या भागांत माल ठेवून तो विकावा, आणि मिळतील त्या चार पैशांवर पुन्हां कड्यांकडे जावें, असा हा व्यापार होता. १९६५ सालीं टॉम फ्रॉस्ट हा अभियंता त्याचा भागीदार झाला. दोघांनीं चढाईचें जवळजवळ प्रत्येक हत्यार अधिक हलकें, अधिक बळकट व अधिक साधें करून दाखविलें, आणि १९७० च्या सुमारास त्यांचा कारखाना अमेरिकेंतील या मालाचा सर्वांत मोठा पुरवठादार झाला.

येथपर्यंतची कथा उद्यमशीलतेच्या पाठ्यपुस्तकांत शोभेल अशी आहे. खरी नीतिकथा यापुढें सुरू होते. एल् कॅपिटनवरील ज्या वाटेचा खडक कांहीं वर्षांपूर्वीं अस्पर्श होता, ती वाट शुइनार्डनें पुन्हां चढून पाहिली, तों भेगांच्या कडा ठोकून ठोकून फुटलेल्या, भेगा रुंदावलेल्या. चढणारे वाढले होते, मेखा खपत होत्या, आणि प्रत्येक मेख ठोकतांना व काढतांना खडकाचा थोडा थोडा भुगा करीत होती. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. मेख वाईट होती म्हणून हें घडलें नाहीं. ती उत्तम होती म्हणून घडलें. मऊ लोखंडाची मेख एकदां ठोकली कीं तेथेंच राही. ही कठीण मेख पुनःपुन्हां काढतां येई, म्हणूनच ती कडा पुनःपुन्हां फोडी. जो तिचा गुण, तोच तिचा अपराध. भेसळ करणाराची सदसद्विवेकबुद्धि त्यास टोंचीत असेल, तर तें समजण्यासारखें आहे. परंतु आपल्या प्रामाणिक, निर्दोष कारागिरीचाच दोष पाहण्यास फार निराळ्या दृष्टीची गरज असते.

मेखा हा त्या कारखान्याचा मुख्य आधार होता; तरी दोघां भागीदारांनीं तो धंदा क्रमाक्रमानें बंद करण्याचें ठरविलें. त्याऐवजीं हातोड्यावांचून, नुसत्या बोटांनीं भेगेंत बसवितां व काढतां येतील अशा ॲल्युमिनियमच्या पाचरी त्यांनीं पुढें आणल्या. असा प्रकार इंग्लंडांतील चढणारांत पूर्वीपासून होता. १९७२ च्या त्यांच्या दरपत्रकाच्या आरंभीं मेखांनीं होणाऱ्या हानीचें निवेदन होतें, आणि आंत डग रॉबिन्सन या गिर्यारोहकाचा पाचरींच्या उपयोगावर १४ पानांचा निबंध होता. दुकानदारानें आपल्याच मुख्य मालाविरुद्ध आपल्याच दरपत्रकांत लिहावें, असे प्रसंग व्यापाराच्या इतिहासांत फार नसतील.

यावर चतुर वाचक विचारील, कीं पुढें झालें काय? झालें असें कीं, थोड्याच महिन्यांत मेखांचा खप उतरला आणि पाचरी करण्यास कारखाना पुरेना. तर मग यांत त्याग तो कसला? कांटनें आपल्या नीतिविषयक ग्रंथांत एका दुकानदाराचें उदाहरण दिलें आहे. तो अजाण गिऱ्हाइकासही वाजवी भावानें माल देतो. परंतु तसें करण्यांत त्याचेंच हित असल्यामुळें, त्याचें वर्तन कर्तव्यानुरूप असलें तरी कर्तव्यबुद्धीनें घडलें असें म्हणतां येत नाहीं. हा आक्षेप येथें लागूं पडतो काय? मला वाटतें, पडत नाहीं. कांटच्या दुकानदारास प्रामाणिकपणाचा फायदा आधींपासून ठाऊक असतो. या लोहारास तो ठाऊक असणें शक्य नव्हतें. कारण ठोकून घट्ट बसविलेल्या पोलादाऐवजीं नुसत्या अडकविलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लोकांनीं आपला जीव टांगावा, असें तो त्यांस सांगत होता. कर्माचें मोल निश्चयाच्या क्षणीं कर्त्यास जें दिसत होतें त्यावरून करावयाचें असतें. मागाहून फळ गोड निघालें म्हणून निश्चय खोटा ठरत नाहीं.

परंतु हीच कथा पुढें निराळें वळण घेते. हत्यारांच्या धंद्यांत नफा बेताचाच असे, म्हणून त्यास टेकू देण्यासाठीं शुइनार्डनें कपडे विकण्यास आरंभ केला, आणि १९७३ सालीं पॅटागोनिया हें नांव पुढें आलें. टेकू मूळ घराहून मोठा झाला. नवव्या दशकांत विक्री वर्षामागून वर्ष भराभर चढली आणि वाढ हीच संवय झाली. १९९१ सालीं अमेरिकेंत मंदी आली. विक्री घटली नव्हती. ठरविली होती तितकी ती वाढली नाहीं, एवढेंच. परंतु वाढ गृहीत धरून माल भरला होता, माणसें घेतलीं होतीं, कर्ज काढलें होतें. ३१ जुलै १९९१ रोजीं १२० माणसांस घरीं जावें लागलें. दर पांच नोकरांत एक.

ॲरिस्टॉटलनें आपल्या राजनीतिविषयक ग्रंथांत धनार्जनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. घरसंसारासाठीं जें मिळवावयाचें त्यास मर्यादा असते, कारण संसाराच्या गरजेस मर्यादा असते. परंतु धन हेंच साध्य झालें कीं त्यास सीमा राहत नाहीं. या दोन अवस्थांमध्यें वेशीसारखी खूण नसते, हीच अडचण आहे. मेख करणारास खडकावरचा ओरखडा दिसला. विक्रीच्या आकड्यानें पडणारा ओरखडा माणसांवर पडेपर्यंत त्याच माणसास दिसला नाहीं.

येथें मला आपल्या तुकोबांची आठवण होते. वाण्याच्या घरांत जन्मलेल्या या संतानें सावकारीचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, अशी परंपरागत कथा आहे; आणि त्याच कथेंत असेंही सांगतात कीं, अर्धीं खतें त्यांनीं धाकट्या भावास देऊन टाकिलीं व बुडविलीं तीं केवळ आपल्या वांट्याचीं. कीर्तनांत पहिल्या भागावर टाळ्या पडतात. मला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्यागाचा अधिकार आपल्या वांट्यापुरता असतो, आणि तोच न्याय साहसासही लागूं आहे. १९७२ सालीं दोघां भागीदारांनीं पणास लावलें त्यांत मुख्यतः त्यांचें स्वतःचें होतें. १९९१ सालीं वाढीचा पण ज्यांनीं लावला ते निराळे, आणि हरलेल्या पणाची किंमत ज्यांनीं दिली ते निराळे. मालकास याची जाणीव नव्हती असें नाहीं. त्या संकटाच्या सुमारास त्यानें आपल्या दहा-बारा प्रमुख सहकाऱ्यांस अर्जेंटिनांतील पॅटागोनियाच्या डोंगरांत नेलें, आणि आपण हा धंदा मुळीं करतों कशासाठीं, असें विचारलें. प्रश्न योग्य होता. तो वाढीच्या आधीं विचारला जावयास हवा होता.

त्यानंतरच्या दोन गोष्टी सर्वश्रुत आहेत. २०११ च्या नोव्हेंबरांत, अमेरिकेंतील मोठ्या खरेदीच्या दिवशीं, या कंपनीनें न्यूयॉर्क टाइम्स या पत्रांत आपल्याच जाकिटाचें चित्र छापून तें विकत घेऊं नका असें सांगितलें, आणि एका जाकिटास १३५ लिटर पाणी लागतें हेंही कबूल केलें. त्यानंतरही कंपनीची विक्री वाढतच गेली. संयमाचा उपदेशही विक्रीचें साधन होऊं शकतो, ही आपल्या युगाची चमत्कारिक गत आहे. दुसरी गोष्ट २०२२ ची. सुमारें ३०० कोटी डॉलर मोलाची ही कंपनी शुइनार्ड कुटुंबानें देऊन टाकिली: मतदानाचा हक्क असलेले थोडे भाग एका विश्वस्तनिधीकडे, आणि उरलेले शेंकडा ९८ भाग निसर्गरक्षणासाठीं काम करणाऱ्या संस्थेकडे, हेतु हा कीं धंद्यांत न लागणारा नफा त्याच कार्यास जावा. धनिकानें स्वतःस धनाचा विश्वस्त समजावें, असें महात्मा गांधी सांगत. त्यांचा भर हृदयपरिवर्तनावर होता. येथें हृदयास कायद्याचीही जोड दिली गेली. कारण संपत्ति वारशानें देतां येते, विश्वस्तवृत्ति येत नाहीं.

जगानें २०२२ च्या दानाचें कौतुक केलें, आणि तें अयोग्य नव्हतें. तरी मला विचाराल तर १९७२ चें दरपत्रक त्याहून थोर आहे. दान नफ्याच्या मागून येतें. संयम नफ्याच्या आधीं. दानानें मिळविलेल्याची वांटणी बदलते. संयमानें मिळविण्याची रीत बदलते. एका हातानें कडा फोडून दुसऱ्या हातानें कड्याच्या रक्षणास देणगी देणारे पुष्कळ असतात. हातोडाच खालीं ठेवणारे विरळा.

हें सारें मीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण माझे शिंपी? धंदा वाढला तर त्यांना जास्त देतां येईल. लहान राहण्याची हौस मी त्यांच्या पोटावर कां भागवूं?" हा प्रश्न माझ्या सर्व विवेचनाहून सरस होता, हें मला मान्य केलें पाहिजे. मीं त्यास एवढेंच उत्तर दिलें कीं, लहान राहा असें माझें म्हणणें नाहीं. किती मोठें व्हावें याचा आंकडा नीतिशास्त्रापाशीं नाहीं. त्याच्यापाशीं एक कसोटी आहे. आपल्या मालांत उद्यां कांहीं दोष दिसला, तर तो माल थांबविण्याइतके तुम्ही मोकळे आहां काय? जोंवर आहां, तोंवर वाढा. शिंप्यांस घेऊन वाढा. ज्या दिवशीं दोष दिसूनही हात थांबवितां येणार नाहीं, त्या दिवशीं दुकान मर्यादेबाहेर गेलें, मग त्यांत दोन शिंपी असोत कीं दोन हजार. १९७० सालीं अमेरिकेंत सर्वांत मोठा असलेला कारखाना थांबूं शकला, कारण विक्रीचा आकडा त्यानें कोणास बांधून दिला नव्हता. दरसाल दुप्पट होण्याचें वचन जो देतो, तो भांडवलाच्या बदल्यांत आपला माल विकीत नाहीं, थांबण्याचा हक्क विकतो.

त्याचा निर्णय अजून झालेला नाहीं. परवां त्याचें पत्र आलें. धनिक गृहस्थास त्यानें भांडवलास नकार कळविलेला नाहीं, केवळ अट बदलण्याविषयीं लिहिलें आहे, आणि तें पत्र धाडण्यापूर्वीं तें दोन्ही शिंप्यांस वाचून दाखविलें आहे. उत्तराची तो वाट पाहत आहे. मीही पाहत आहें.