दासोह आणि दानाची प्रसिद्धी

परोपकार करणाऱ्याने आपले काम जगाला दाखवावे की झाकून ठेवावे, हा धर्मचिंतनातील जुना प्रश्न समाजमाध्यमे आणि ऑनलाइन देणग्यांमुळे आता प्रत्येक धर्मादाय संस्थेच्या रोजच्या कारभारात येऊन बसला आहे. सोलापुरात त्याचा विचार बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांपासूनच सुरू करावा लागतो. तेव्हाच्या सोन्नलिगे गावी त्यांनी लोकांच्या श्रमांतून तलाव खोदवला, मंदिरे उभारली. आणि ‘शून्यसंपादने’ या पंधराव्या शतकातील कन्नड संकलनातील कथेनुसार, तेथे आलेल्या शिवभक्त संत अल्लमप्रभूंनी या कार्याची ‘ओड्डा’चे, म्हणजे माती खणणाऱ्याचे, काम म्हणून संभावना केली, तेव्हा चिडलेल्या मजुरांनी त्यांच्यावर दगड उचलले. अल्लमांचा रोख तलाव बांधणाऱ्याच्या कर्तेपणाच्या अभिमानावर होता.

शरणांच्या, म्हणजे सिद्धरामेश्वर आणि अल्लमप्रभू ज्यांत मोडतात त्या शिवभक्त वचनकारांच्या, विचारात या अभिमानावरचे उत्तर दासोहात सापडते. कायक म्हणजे उपासना मानून केलेले प्रामाणिक श्रम, आणि दासोह म्हणजे त्या श्रमांच्या फळातून गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाला, दात्याच्या नव्हे तर दासाच्या भावनेने, अर्पण करणे. भगवद्गीतेचा सतरावा अध्यायही परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस ठरवतो. या कसोटीवर वाटपाचे नेहमीचे छायाचित्र टिकत नाही: एका पांघरुणाला पाच पाहुण्यांचे हात लागलेले, आणि ज्या म्हातारीला ते द्यायचे तिने फोटो मनासारखा येईपर्यंत हात पुढे करून ताटकळायचे. चादरींसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात तरी हे शोभत नाही.

तथापि गुप्तदानाचा आदर्श संस्थेला जसाच्या तसा लावणे ही गल्लत होय, कारण व्यक्तीने दान गुप्त ठेवणे हा सद्गुण असला, तरी लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने हिशेब गुप्त ठेवणे हा दोषच आहे. गाडगे महाराजांनी पंढरपूरच्या यात्रेतील गर्दी आणि कीर्तन या त्या काळच्या सर्वांत प्रभावी माध्यमाचा निःसंकोच उपयोग केला, धर्मशाळा उभ्या केल्या, परंतु त्यांवर मालकी सांगितली नाही. तेथील चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. प्रसिद्धी कार्याला मिळाली आणि कर्ता चिंध्यांतच राहिला, हा दासोहाचा आधुनिक काळातील उत्तम नमुना मानावा लागेल.

तेव्हा माध्यम वापरावे की नाही, यापेक्षा त्यातून कोणाला उघडे पाडले जाते, हा खरा नैतिक प्रश्न ठरतो. पंढरपूरच्या ‘पालवी’सारख्या, एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळणाऱ्या संस्थांच्या बाबतीत तो अधिकच तीव्र होतो: देणगीदाराला मूल पाहायचे असते, पण त्या मुलाचे छायाचित्र हीच त्याच्या आजाराची जाहीर घोषणा ठरू शकते. दासोहाच्या दृष्टीने तंत्रज्ञानाचे योग्य काम वेगळे आहे: क्यूआर कोडवर आलेल्या देणगीची तत्काळ पावती द्यावी, महिन्याचा शिधा, औषधे आणि पगार यांचा खर्च संकेतस्थळावर मांडावा, आणि मदत कोठे व कशी मिळते हे सोलापूरच्या गरजूंना मराठीबरोबरच कन्नड व तेलुगूतही कळवावे. संमती घेतली तरी अन्नासाठी किंवा औषधासाठी अवलंबून असलेल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, ही शंका उरतेच. म्हणून विश्वस्तांनी लाभार्थींचे चेहरे वगळून हिशेबाचे पान प्रसिद्ध करावे, आणि देणगीदारांनीही फोटोऐवजी तेच मागावे.