गाडीवरचे गहाण

मोटार कर्जाने घेतली की तिच्या नोंदणीच्या कागदावर दोन नावे येतात. एक मालकाचे आणि दुसरे कर्ज देणाऱ्या बँकेचे. गाडी आपल्या दारात उभी असते, किल्ली आपल्या खिशात असते, पेट्रोल आपण भरतो. तरीही हप्ते फिटेपर्यंत ती विकायची म्हटले तर त्या दुसऱ्या नावाची संमती लागते. पाच-सात वर्षांनी शेवटचा हप्ता जातो, बँकेचा ना-हरकत दाखला आरटीओ कार्यालयात दिला जातो आणि ते नाव पुसले जाते. ‘आता गाडी आपली झाली,’ असे त्या दिवशी घरात समाधानाने म्हटले जाते. ती कितपत आपली झाली, हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

गाडी म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट जातीची गाडी आहे. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ साली आली, मारुतीची ब्रेझा २०१६ साली, टाटांची नेक्सॉन २०१७ साली, ह्युंदाईची व्हेन्यू २०१९ साली. आणि पाहता पाहता ही छोटी एसयूव्ही कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय दारांत दिसू लागली. या साऱ्या गाड्या चार मीटर लांबीच्या आत बसवलेल्या आहेत. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरांच्या आतील छोट्या गाड्यांचे उत्पादनशुल्क कमी केले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या दरांतही तीच मर्यादा कायम राहिली: आतल्या छोट्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या मोठीला ४०. पुष्कळ गाड्यांचा मागचा भाग सुरीने कापल्यासारखा दिसतो, त्यात चित्रकारापेक्षा करखात्याच्या मोजपट्टीचा हात अधिक आहे.

अशी गाडी का घ्यावी, याला कोल्हापुरात सयुक्तिक उत्तरे आहेत. गगनबावड्याचा घाट उतरायचा असतो, आजऱ्यावरून आंबोलीकडे जायचे असते, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून वाट काढायची असते, गतिरोधकावर गाडीचे पोट घासू नये असे वाटते. हे सर्व खरे आहे. पण ‘उंची’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो आणि या गाडीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. पावसात स्कूटरवरून जाणारे कुटुंब पाहून स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, असे रतन टाटांनी सांगितले होते. त्यांची नॅनो २००९ साली रस्त्यावर आली आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या अपयशाची कारणे अनेक असतील, पण ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुद आपल्या दारात उभे करायला लोक तयार नव्हते, हे त्यांपैकी एक खासच. स्कूटरवरून खाली उतरलेल्या कुटुंबाला चार चाकांइतकेच चार लोकांच्या वर बसणेही हवे होते. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली (धोक्याची पातळी ४३ फूट) आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा मात्र पाण्याने उंच आणि ठेंगण्या गाड्यांतला भेद ठेवला नाही.

‘मुलाबाळांच्या सुरक्षेसाठी’ हे दुसरे उत्तर. ते आम्ही अधिक गंभीरपणे घेतो. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले, तेव्हा असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी ठरली. आईबापांनी तारे मोजावेत, यात वावगे काही नाही. मात्र हे तारे मुख्यतः आत बसलेल्यांचे आहेत. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारी होती. एक कुटुंब स्कूटर सोडून पोलादी कवचात जाते, तेव्हा त्याच्यापुरता धोका कमी होतो. शेजारून स्कूटरवर जाणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाचा होत नाही, कदाचित वाढतो. येथे कायदा आपल्या सद्भावनेपेक्षा शहाणा निघाला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा उतरवणे ऐच्छिक आहे. तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा. म्हणजे गाडी रस्त्यावर येण्याआधीच, जो माणूस अजून आपल्याला भेटलेलाही नाही त्याचे देणे कायद्याने तिच्यावर लिहून ठेवले आहे. दरसाल विम्याचे नूतनीकरण करताना आपण ते भरतो आणि विसरतो.

आता दाराशी उभ्या असलेल्या गाडीकडे वळू. कारण दिवसाचे बहुतेक तास ती उभीच असते. चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटरांहून जरा रुंद अशी गाडी सुमारे ७५ चौरस फूट जागा अडवते. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत ज्यांची जुनी घरे आहेत त्यांना ७५ चौरस फूट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तेवढ्यात स्वयंपाकघर होते. ही जागा बहुधा रस्त्याची असते. तिचे भाडे कोणी देत नाही. पहिली गाडी आली तेव्हा गल्लीने कौतुक केले, पेढे खाल्ले. पाचवी आली तेव्हा मुलांचा खेळ थांबला, कट्ट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर पत्र्याची भिंत आली, आणि अंत्ययात्रेला वळण घेता येईना. दारासमोर कुंड्या किंवा दगड ठेवून ‘आपली’ जागा राखण्याची रीत तर आता इतकी रुळली आहे की दगड हलवणाऱ्यालाच अपराधी वाटते.

याच शहराने रस्त्याच्या मालकीवरून मोठा लढा दिला आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. शहरांतर्गत रस्त्यांवरील टोलविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध नेते रस्त्यावर उतरले, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले, आणि अखेर डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने टोल रद्द केला. लढ्याला करारातील त्रुटींपासून कामाच्या दर्जापर्यंत अनेक कारणे होती. पण त्यामागची भावना, आपल्या शहरातला रस्ता सर्वांचा आहे ही, अगदी साधी होती. मग तोच सर्वांचा रस्ता रात्रभर एकाच्या बंपरखाली असतो, तेव्हा ती भावना कोठे जाते?

संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात मालकीचे दोन भाग पाडले होते. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे हे माणसाने स्वतःची म्हणून करावे. कारण सर्वांची म्हटलेल्या वस्तूची निगा कोणीच राखत नाही. वापराच्या बाबतीत मात्र ती सर्वांची समजावी, गरजवंताला सहज देता यावी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली मेक्सिकोतील पुएब्ला येथे बोलताना खासगी मालमत्तेवर सामाजिक गहाण असल्याचे म्हटले, आणि १९८७ च्या परिपत्रकात ते पुन्हा मांडले. गहाण हा शब्द आम्हांस फार नेमका वाटतो. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते; गहाणाचे तसे नाही. आरटीओत पुसले जाणारे नाव एक. हे दुसरे नाव कोणत्याही दाखल्याने पुसले जात नाही.

पण गाडी ही शिडी किंवा पातेले नव्हे, की शेजाऱ्याने मागितली आणि दिली. परवाना नसलेल्याच्या हाती ती देणे गुन्हा आहे. परवाना असला तरी अपघात झाल्यास मालकाला त्यातून अंग काढून घेता येत नाही. ‘गाडी देत नाही’ म्हणणाऱ्याला आम्ही म्हणूनच सरसकट कृपण ठरवणार नाही. रात्री दोन वाजता शेजारच्या काकूंना सीपीआर रुग्णालयात न्यायचे असेल, तर किल्ली दिल्याने भागत नाही. झोपेतून उठून स्वतःच गाडी चालवावी लागते. दयाळू शोमरोनी माणसाने जखमीला आपल्या जनावरावर बसवले आणि स्वतः बरोबर गेला. रस्त्यावरच्या अनोळखी जखमीस मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा ससेमिरा नको म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यात आले. तेव्हा ‘नसती भानगड’ ही सबब आता पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. सीटकव्हरवर रक्त सांडेल ही राहते.

रात्रीचे प्रसंग विरळा. रविवार दर आठवड्याला येतो. पवित्र मिस्सासाठी निघालेल्या पाच आसनांच्या गाडीत पुष्कळदा दोघे असतात, आणि त्याच वाटेवर धर्मग्रामातीलच कोणी वयस्क बाई केएमटीची वाट पाहत उभी असते. ती हात करत नाही. ज्यांच्याजवळ गाडी नाही ती माणसे सहसा मागत नाहीत; मागून उपकाराखाली यावे लागते आणि परत जाताना ताटकळावे लागते, हे त्यांनी अनुभवलेले असते. जुन्या गोव्यात नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन होते, तेव्हा कोल्हापुराहून गेलेल्या गाड्यांतील रिकाम्या जागांबद्दल कोणी कोणाला आधी विचारले असेल? विचारण्याचा संकोच गाडीवाल्याने पत्करावा, असे आमचे मत आहे. तोही रस्त्यात काच खाली करून, घाईत नव्हे. शनिवारी संध्याकाळीच जाऊन सांगावे की, बाई, मिस्सा आठला आहे, आम्ही साडेसातला चौकात येतो, तुम्ही पुढे बसा, मागे चढायला उंच पडते.