बॅरलची 'व्हाली' झाली



ईश्वर सर्व जीवांत आहे, असे आपण रोज प्रार्थनेत म्हणतो. पण त्या जीवासाठी स्वतःचे नुकसान सोसण्याची वेळ आली, की आपली भक्ती किती खोल आहे हे कळते. गुजरातच्या मच्छीमार बांधवांनी ही परीक्षा दिली आहे. तिचे आज चिंतन करूया.

व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. नावात व्हेल असले तरी तो देवमासा नव्हे. तो मुशीच्या कुळातला आहे. समुद्रातले सूक्ष्म जीव आणि लहान मासळी हा त्याचा आहार. माणसाला त्याच्यापासून भय नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याला पूर्वी 'बॅरल' म्हणत, कारण शिकारीच्या हुकाला दोरीने पिंपे बांधलेली असत. पिंपांमुळे माशाला खोल जाता येत नसे आणि तो थकून हाती लागे. त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना चोपडत, मांस परदेशी जाई.

माइक पांडे यांच्या माहितीपटाने ही हत्या देशासमोर आणली. २००१ मध्ये व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. असे संरक्षण मिळालेला हा भारतातला पहिला मासा. त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे.

पण खोल समुद्रात पहारा कोण ठेवणार? कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. मात्र माशाला उद्यानाची हद्द ठाऊक नसते. तो चुकून जाळ्यात अडकला, तर त्याला सोडवायला जाळे कापावे लागते. आणि जाळे म्हणजे तर मच्छीमाराचे पोट. भर समुद्रात, कोणी पाहत नसताना, त्याने ते का कापावे?

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने इतरांच्या साथीने तिथे लोकजागृती सुरू केली. कथाकार मोरारीबापूंनी त्या माशाला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली. 'बॅरल'ची 'व्हाली', म्हणजे लाडकी, झाली. माहेरवाशिणीवर कोणी हत्यार उगारतो का? ज्या हातांनी हुक टाकले, तेच हात जाळी कापू लागले. आजवर असे शेकडो मासे जिवंत समुद्रात परतले आहेत. कापलेल्या जाळ्याची भरपाई शासन देते. महाराष्ट्रातही २०१८ पासून अशी योजना आहे.

साधकहो, इथे कायद्याने आपले काम केले आणि करुणेने आपले. कायदा नसता, तर बाजार थांबला नसता. करुणा नसती, तर कायदा कागदावर राहिला असता. आणि भरपाई नसती, तर करुणेचा सारा भार गरिबाच्या एकट्याच्या खांद्यावर पडला असता.

आता आपल्या घराकडे पाहूया. घरात सुखसमृद्धी यावी म्हणून काही जण 'इंद्रजाल' भिंतीवर लावतात, 'हत्थाजोडी' तिजोरीत ठेवतात. या वनस्पती आहेत, मुळ्या आहेत, असे सांगून त्या विकल्या जातात. प्रत्यक्षात इंद्रजाल म्हणजे समुद्रातले प्रवाळ, आणि हत्थाजोडी म्हणजे मारलेल्या घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय. दोन्ही जीव पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहेत. एका जिवाच्या हत्येतून घरात मांगल्य कसे येईल? देवघरात अशी वस्तू ठेवून आपण देवाजवळ काय मागतो?

आपल्या संविधानाच्या ५१ क या अनुच्छेदात प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. संतांनी जिला भूतदया म्हटले, तीच ही.

म्हणून आज एक संकल्प करूया. अशा वस्तू आपण विकत घेणार नाही आणि कोणाला भेटही देणार नाही. कोणाच्या घरी दिसल्या, तर त्या घरातल्यांना दोष न देता त्यामागचे सत्य सांगू; कारण पुष्कळांनी त्या श्रद्धेपोटीच आणलेल्या असतात.

त्या मच्छीमाराने आपले जाळे कापले. आपल्याला तर फक्त एक भ्रम कापायचा आहे. तेवढे बळ ईश्वर आपल्याला देवो, हीच प्रार्थना.