कात्रीने वाचलेले शास्त्र

शास्त्रपाठ : यिर्मया अध्याय २८ व २९, लूक ४:१-१३, प्रेषितांची कृत्ये १७:१०-१२



खोटे शिक्षण म्हटले की पवित्र शास्त्र उघडपणे नाकारणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. असा मनुष्य मंडळीला फारसा अपाय करू शकत नाही, कारण तो दारातच ओळखू येतो. मंडळीला आजवर जी मोठी इजा झाली ती शास्त्र काखेत घेऊन येणाऱ्यांकडून झाली. त्यांना वचने तोंडपाठ असतात, प्रार्थना करताना त्यांचे डोळे भरून येतात. त्यांनी शास्त्राला बाहेरचे काही जोडलेले असेलच असे नाही. पुष्कळदा त्यातले काही कापलेले असते, आणि कापलेली जागा ऐकणाऱ्याला दिसत नाही.

दुसऱ्या शतकात मार्शियन नावाचा एक मनुष्य रोम शहरी आला. तो काळ्या समुद्राच्या काठच्या सिनोप बंदरातला, जहाजांचा धनी. रोमच्या मंडळीत येताना त्याने दोन लाख सेस्टर्स, म्हणजे त्या वेळच्या रोमी नाण्यांत फार मोठी रक्कम, देणगी दिली. पौल प्रेषितावर त्याची पराकाष्ठेची भक्ती होती. देवाच्या कृपेविषयी तो मनापासून बोले. परंतु एका गोष्टीने त्याचे मन अडले. जुन्या करारातला देव न्याय करतो, रागावतो, शिक्षा करतो. येशूचा पिता क्षमा करतो. हे दोघे एकच कसे? मार्शियनने ठरवले की ते एक नाहीतच. जग उत्पन्न करणारा तो एक कनिष्ठ देव, आणि येशूने प्रगट केलेला देव निराळा. या सृष्टीशी त्याचा आधी काही संबंध नव्हता.

एकदा असे ठरवल्यावर शास्त्र त्या मतात बसेना. तेव्हा मार्शियनने मत तसेच ठेवले आणि शास्त्र छाटले. जुना करार सगळा बाजूला गेला. शुभवर्तमानांपैकी एकट्या लूकाचे राहिले, तेही कापून. पौलाची दहा पत्रे राहिली, त्यांतूनही नको ते भाग गेले. टर्टुलियनने त्याच्याविरुद्ध पाच पुस्तके लिहिली. दुसऱ्या एका ग्रंथात तो म्हणतो की इतर लोक वचनाचा अर्थ पिळतात, याने तर उघड सुरीच चालवली.

सन १४४ मध्ये रोमच्या मंडळीने मार्शियनला बाहेर काढले आणि त्याचे दोन लाख त्याला परत केले. मला ही गोष्ट त्या वादातल्या सगळ्या ग्रंथांपेक्षा बोलकी वाटते. ती मंडळी श्रीमंत नव्हती. तिच्या दारी विधवा होत्या, पोरके होते. आपल्या मंदिराचे छप्पर गळत असताना, आवाराची भिंत अर्धी राहिली असताना, मोठी देणगी देणाऱ्या पाहुण्याला व्यासपीठ देण्यापूर्वी त्याची शिकवण किती पंच कमिट्या तपासून पाहतात, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

तरी मार्शियन लबाड होता असे समजू नका. त्याच्या अनुयायांनी कडक उपास केले, ब्रह्मचर्य पाळले, छळही सोसला. दमास्कसजवळच्या एका गावी त्यांच्या सभागृहाचा शिलालेख सापडला आहे, तो सन ३१८च्या सुमाराचा. पाचव्या शतकात सिरियातील बिशप थिओडोरेट यांना आपल्या भागात त्यांची गावेच्या गावे आढळली. म्हणजे चूक आपोआप विरून जाते, ही समजूत खरी नाही. आणि मनुष्य त्यागी आहे, कळकळीचा आहे, एवढ्यावरून त्याची शिकवण खरी ठरत नाही.

त्या कात्रीने काय गेले ते पाहा. जग परक्या देवाने केले असेल तर शेत, भाकर, पाळण्यातले मूल यांपैकी काहीच आपल्या पित्याचे नाही. म्हणूनच मार्शियन संसारी नवराबायकोला बाप्तिस्मा देत नसे. ख्रिस्ताचे शरीरही केवळ दिसण्यापुरते, असे त्याला म्हणावे लागले. मग वधस्तंभावर खिळे कोणाला लागले? ज्याला दुखलेच नाही तो आमचे दुःख कसे वाहील? कृपेची थोरवी वाढवायला निघालेला मनुष्य शेवटी तारणाराचे रक्तमांसच घालवून बसला.

आणखी एक गोष्ट संडेस्कूलच्या शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. मार्शियनच्या लूकात तिबिर्य कैसराच्या पंधराव्या वर्षाचा उल्लेख झाला की येशू एकदम कफर्णहूमात येतो. बेथलेहेम नाही, गव्हाणी नाही, वंशावळ नाही, आणि रानातली परीक्षाही नाही. ही परीक्षा म्हणजे लूक ४:१-१३. कात्रीने वाचणाऱ्याला प्रभूने कसे उत्तर दिले, हे ज्या भागात आहे तोच भाग कापला गेला!

त्या भागात सैतान मंदिराच्या शिखरावर शास्त्र म्हणून दाखवतो. देवदूत सांभाळतील, पायाला दगड लागू देणार नाहीत, असे एक्याण्णवाव्या स्तोत्रातले अभिवचन तो सांगतो. शब्द खरे आहेत. पण स्तोत्राची ती ओवी मनुष्याच्या सर्व वाटचालीत मिळणाऱ्या राखणीविषयी आहे. मुद्दाम उडी टाकून देवाला अजमावण्याविषयी नाही. शिवाय सैतान बाराव्या ओवीशी थांबतो. तेराव्या ओवीत सर्पाला तुडवण्याची गोष्ट आहे, ती त्याच्या सोयीची कशी असणार?

प्रभू ते स्तोत्र खोटे आहे असे म्हणत नाही. तो त्याच्याशेजारी दुसरे वचन ठेवतो, अनुवादाच्या सहाव्या अध्यायातले. तिन्ही वेळा त्याचे उत्तर अनुवादातूनच येते, म्हणजे मार्शियनने टाकून दिलेल्या पुस्तकांपैकी एकातून. शास्त्राला शास्त्राच्या शेजारी बसवणे, ही प्रभूची स्वतःची रीत आहे. बिरुयातल्या लोकांनी हेच केले. पौलासारखा प्रेषित बोलत असतानाही ते दररोज शास्त्र उघडून पडताळा घेत होते, आणि लूक याबद्दल त्यांना थोर म्हणतो; उद्धट म्हणत नाही.

आता आपल्या घरातली कात्री पाहू. नव्या वर्षाच्या ख्रिस्ती कॅलेंडरांवर यिर्मया २९:११ हमखास असते. देवाने आपल्यासाठी भले योजले आहे, पुढे आशा आहे, अशा अर्थाचे ते वचन मोठे गोड आहे आणि खरे आहे. हल्ली ते फोनवर फुलांच्या चित्रासह पहाटेच येते. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला ते पाठवतात, घराचे कर्ज काढणाऱ्यालाही पाठवतात. परंतु हे कोणी, कोणाला, केव्हा लिहिले ते वाचायला आपण मागे जात नाही.

मागे अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या उभा आहे. यरुशलेमेच्या मंदिरात, याजकांदेखत आणि सर्व लोकांदेखत, परमेश्वराच्या नावाने तो सांगतो की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, मंदिराची पात्रे परत येतील, धरून नेलेले लोक घरी येतील. केवढी आनंदाची वार्ता! यिर्मया ती ऐकून काय म्हणतो? आमेन म्हणतो. परमेश्वर तसेच करो, असे म्हणतो. खोट्या संदेष्ट्याच्या बोलण्यावर खऱ्या संदेष्ट्याने आमेन म्हणावे! कारण त्यालाही तेच हवे होते; आपल्या लोकांचे हाल त्याला पाहवत नव्हते. पण आपल्याला काय हवे आहे आणि देव काय बोलला आहे, यांत त्याने गल्लत केली नाही. हनन्याने यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू मोडले, लोकांना ते नाट्य आवडलेही असेल. त्याच वर्षी हनन्या मरण पावला, आणि लोक मात्र बाबेलातच राहिले.

मग एकोणतिसावा अध्याय. बाबेलात असलेल्या लोकांना यिर्मया पत्र लिहितो. घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात देवाने तुम्हाला ठेवले त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. (बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या मंडळ्यांनी हे पत्र जपून वाचावे. आपण कोणी कैदी नाही, पण दुसऱ्या भाषेच्या नगराचे हित मागणे म्हणजे काय हे आपल्याला कळते.) आठव्या व नवव्या ओवीत इशारा आहे : तुमच्यातल्या संदेष्ट्यांना तुम्हाला फसवू देऊ नका. दहाव्या ओवीत मुदत आहे : सत्तर वर्षे. आणि त्यानंतर ती अकरावी ओवी.

म्हणजे जे वचन आपण झटपट भरभराटीची हमी म्हणून भिंतीवर लावतो, ते झटपट सुटकेची हमी देणाऱ्यांच्या विरुद्ध लिहिलेल्या पत्रातले आहे. ते ऐकणाऱ्यांतले कितीतरी म्हातारे बाबेलातच पुरले जाणार होते. तरीही देवाचे विचार त्यांच्या भल्याचेच होते. एकटी अकरावी ओवी हनन्यालाही चालली असती. दहावीसकट अकरावी ज्याच्या अंतःकरणात आहे, त्याला नोकरी गेली म्हणून देव खोटा ठरला असे वाटत नाही.

ईयोबाच्या आठव्या अध्यायातली सातवी ओवीही अशीच दुकानांत, नव्या घरांत लावलेली दिसते : आरंभ लहान, शेवट मोठा. हे शब्द बिल्दद शूहीचे. तीनच ओव्या आधी त्याने दहा मुले गमावलेल्या बापाला सुचवले होते की तुझी मुले त्यांच्या पापानेच मेली. शेवटच्या अध्यायात देव म्हणतो की ईयोबाचे हे मित्र माझ्याविषयी नीट बोलले नाहीत.

हे बिल्दद अजून हयात आहेत. सभेत आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून ते प्रार्थना करतात, आणि गुण आला नाही की म्हणतात, बाई, तुझा विश्वास कमी पडला. काही तर गोळ्या बंद करायला सांगतात. मधुमेहाचे इन्शुलिन थांबले तर काही दिवसांत जिवावर बेतू शकते. क्षयाचे औषध अर्ध्यावर सोडले तर रोग उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. जीव जातो तो त्या बाईचा; उपदेशक तोवर पुढच्या गावी गेलेला असतो. मागे राहिलेल्या मुलांना आयुष्यभर वाटत राहते की आईने विश्वास ठेवला नाही म्हणून ती गेली. माझ्या मते ही शिकवण मार्शियनच्या शिकवणीहून क्रूर आहे.

देव बरे करतो. याकोबाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे वडिलांनी आजाऱ्यासाठी प्रार्थना केलीच पाहिजे, आणि त्यात हयगय करणाऱ्या मंडळ्यांमुळेच लोक त्या सभांकडे जातात. पण शेजारची वचनेही वाचा. ज्या पौलाच्या हातून इफिसात अद्भुत कार्ये झाली, त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवले. तीमथ्याला पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. एपफ्रदीत मरता मरता वाचला, ते पौल देवाची दया म्हणून सांगतो. आणि स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली, तेव्हा काटा राहिला व कृपा मिळाली. यांपैकी कोणाचा विश्वास कमी होता?

प्रश्न विचारणाऱ्याला मात्र खोटा शिक्षक समजू नये. पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्रैक्याविषयी आणि इतर सिद्धांतांविषयी त्या आपल्या धर्मभगिनींना पत्रांतून निर्भीडपणे विचारत राहिल्या, आणि पवित्र शास्त्रात ते कोठे आहे हे दाखवा, असा त्यांचा आग्रह असे. ज्यांच्याशी त्यांचा वाद होता त्यांना हे जड गेले. पण याच बाईंनी पुढे इब्री व ग्रीक शिकून केडगावी सुमारे अठरा वर्षे खपून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणले. अल्पशिक्षित बाईलाही ते कोणाच्या मध्यस्थीवाचून वाचता यावे, हा त्यांचा हेतू. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. मुक्ति मिशनच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांच्या हातून तयार झालेले ते शास्त्र १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आले. कात्री नाही, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळे.

आज आपल्या मुलांची अडचण निराळी आहे. ती कानडी, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी शाळेत जातात. बाकावरचे मराठी शास्त्र त्यांना अडखळत वाचावे लागते, म्हणून ती ते उघडतच नाहीत. वचन त्यांच्यापर्यंत पोहोचते ते फोनवरच्या दोन मिनिटांच्या तुकड्यातून, दुसऱ्या कोणीतरी कापून दिलेले. हे थांबवायला नुसता फोन हिसकावून भागणार नाही.

चुकलेल्याशी कसे वागावे याचाही कित्ता शास्त्रात आहे. अपुल्लो आवेशाने बोले, पण त्याचे ज्ञान अपुरे होते. प्रिस्किल्ला व अक्विला यांनी त्याला भर सभेत खाली बसवले नाही; आपल्याकडे नेऊन अधिक नीट समजावले, आणि त्याने ते ऐकले. आपल्यातले पुष्कळ तरुण उपदेशक अपुल्लो आहेत. त्यांना मार्शियनची शिक्षा देण्याआधी एकदा घरी जेवायला बोलवा.

संडेस्कूलच्या शिक्षकांना एक सूचना. येत्या महिन्यात एका रविवारी सुवर्णवचन पाठ करून घेण्याऐवजी यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पहिल्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत वाचा. ज्याला जी भाषा सरावाची त्याने त्या भाषेत वाचावे, आणि एकाने सावकाश मराठीत. दहाव्या ओवीशी आलात की फळ्यावर सत्तर हा आकडा लिहा. आज वर्गात बसलेला सगळ्यांत लहान मुलगा सत्तर वर्षांनी किती वयाचा असेल, त्याची आजी तेव्हा असेल का, हे मुलांना आपसांत मोजू द्या. त्यानंतर अकरावी ओवी वाचा.