सोळा जुलै

संसदेला तारखा लक्षात ठेवण्याची सवय आहे. १३ डिसेंबरला २००१ च्या हल्ल्यातल्या शहिदांना पुष्पांजली वाहतात. ऑगस्टमध्ये अधिवेशन चालू असलं, तर हिरोशिमा-नागासाकीच्या मृतांसाठी सदस्य उभे राहतात. हे चांगलंच आहे. पण या तारखांत १६ जुलै नाही आणि ती असायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

१६ जुलै २००४, शुक्रवार. तामिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या. दुपारच्या जेवणाची चूल पेटली होती. स्वयंपाकघराच्या झावळ्यांच्या छपराने पेट घेतला आणि आग वरच्या वर्गांवर गेली, कारण तिथेही झावळ्याच होत्या. जिना अरुंद. ९४ मुलं गेली. बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ ला, बिहारच्या गंडामन गावात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. अन्नात कीटकनाशक होतं.

असं घडलं की सभागृहात मौन पाळलं जातं, मदत जाहीर होते, चौकशी नेमली जाते. मग सुरू होतं, विषय केंद्राचा की राज्याचा. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आणलं, म्हणजे जबाबदारी दोघांची. प्रत्यक्षात दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. शिक्षणावरची भाषणं अभ्यासक्रम आणि भाषा यांच्याभोवती फिरतात. जिना किती रुंद आहे, हे विचारणं फारसं कुणाला महत्त्वाचं वाटत नाही.

कायदा कमी पडला, असं म्हणता येणार नाही. कुंभकोणमनंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितलं की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात ऊन-पाऊस सोसणारी इमारत सक्तीची ठरली. तरीही २५ जुलै २०२५ ला राजस्थानात, झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या सरकारी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. संसदेचं पावसाळी अधिवेशन तेव्हा चालू होतं.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका शाळेत गेलो होतो. वर्गाला लागूनच पत्र्याची शेड, तिथे ताई खिचडी ढवळत होत्या. धूर दुसरीच्या खिडकीतून आत जात होता. आग विझवायचं लाल नळकांडं ऑफिसात कपाटामागे उभं होतं. धूळ पुसली, तर मुदत तीन वर्षांपूर्वीच संपलेली. मुख्याध्यापिका ओशाळल्या नाहीत, चिडल्या. “सर, हे भरून आणायचे पैसे कुठल्या हेडखाली टाकू, तेवढं सांगा.” त्यांचा राग रास्त होता. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अर्थसंकल्प मंजूर करणाऱ्यांनी द्यायचं आहे.

म्हणून दर १६ जुलैला मौन पाळून झालं की शिक्षणमंत्र्यांनी सभागृहापुढे एक यादी ठेवावी. कोणत्या शाळेची तपासणी कधी झाली, काय दोष निघाले, दुरुस्तीला किती पैसे दिले. देशात १४ लाखांहून जास्त शाळा आहेत, यादी लांबलचक होईल. होऊ द्या.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्यांपैकी असाल, तर आपल्या शाळेचा शेवटचा तपासणी अहवाल मागून घ्या. मिळाला नाही, तर तसं लेखी घेऊन आमदारांकडे जा आणि त्यावर तारांकित प्रश्न टाकायला लावा.