पगाराची तारीख आणि मालकाची माया

रायगड जिल्ह्यातल्या चौकपासून कर्जतपर्यंतच्या पट्ट्यात फार्महाऊस आणि रिसॉर्टांची दाटी झाल्यापासून मुंबई-पुण्याच्या कंपन्या आपल्या माणसांना 'कर्मचारी कल्याणा'च्या निवासी शिबिरांसाठी इकडे आणू लागल्या आहेत. सकाळी योगासने, दुपारी तणावमुक्तीवर व्याख्यान आणि रात्री 'आपण सारे एक कुटुंब' ही घोषणा, असा त्या शिबिरांचा साधारण क्रम असतो. त्याच आवारात खोल्या झाडणारी आणि भांडी घासणारी माणसे पुष्कळदा कंत्राटी असतात, म्हणजे काम एकाचे आणि हजेरीपट दुसऱ्याचा. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या कुटुंबात कोणी काढत नाही. नोकराला नीट वागवले तर तो सुखाने जगतो आणि कामही मन लावून करतो, ही कल्पना खोटी नाही. परंतु आज तिचा जो अर्थ प्रचारात आहे त्यात गोड वागणूक तेवढी शिल्लक राहिली आहे आणि बांधिलकी गळून पडली आहे.

या कल्पनेचा इतिहासही त्याच अंगाने सांगितला जातो. आधी निर्दय गिरणीमालक, मग रॉबर्ट ओवेन, जमशेटजी टाटा, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यासारखे द्रष्टे मालक, नंतर अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग आणि शेवटी मनुष्यबळ विभाग, अशी ती चढती भाजणी असते. या मांडणीत कल्याण वरून खाली झिरपते आणि कामगार केवळ ते झेलतो. प्रत्यक्षात निदान मुंबई इलाख्यात तरी ही कल्पना खालून वर गेली, आणि तिची पहिली खूण याच परिसरात, बोरघाटात सापडते.

१८५६ मध्ये कर्जत-खंडाळ्यादरम्यान घाटाचा लोहमार्ग बांधायला सुरुवात झाली आणि १८६३ मध्ये तो खुला झाला. काम ऐन भरात असताना, १८६१ च्या सुमारास, तेथे बेचाळीस हजारांच्या आसपास मजूर राबत होते, आणि पटकीसारख्या साथींनी त्यांच्यातले हजारो दगावले. मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली पोटठेकेदार होते आणि मजुरी त्यांच्या हातून, अडत-अडखळत येत असे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगल उसळली. सरकारने १८६० मध्ये कायदा करून असे तंटे दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय केली खरी, पण त्याच कायद्याने करार मोडणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली. मजुरी वेळेवर मिळणे हा मजुराच्या जगण्याचा प्रश्न आहे हे राज्यकर्त्यांना कळले होते. तो मालकाच्या कर्तव्याचा प्रश्न आहे हे मात्र अजून कोणी म्हटले नव्हते.

ते म्हटले गेले सप्टेंबर १८८४ मध्ये, परळच्या सभेत. सत्यशोधक चळवळीतले आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन तयार झाले, ते आज 'रविवारच्या सुट्टीचे निवेदन' म्हणून ओळखले जाते, आणि तेथेच त्याचा अर्थ हरवतो. त्यात पाच मागण्या होत्या: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि यंत्रावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचे अपंगत्व आल्यास चरितार्थाची तजवीज. या यादीत पगारवाढ कोठेच नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

चौथ्या मागणीपाशी थोडे थांबले पाहिजे. पगार महिना उलटून पंधरा दिवसांनंतरही हाती न पडणे म्हणजे दीड महिना वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर काढणे. शिवाय गिरणी सोडायची तर अडकलेल्या पगारावर पाणी सोडणे. थकलेला पगार ही नुसती गैरसोय नव्हती, कामगाराला जागच्या जागी जखडून ठेवणारी ती साखळी होती. खालापूर-कर्जतच्या कातकरी वाड्यांत तीच साखळी उलट्या बाजूने दिसते. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा वीटभट्टीचा मालक किंवा मुकादम कुटुंबाला उचल देतो, म्हणजे हंगामाच्या मजुरीतून वळती करून घ्यायची आगाऊ रक्कम. हंगामाअखेरीस मालकाच्याच वहीतल्या हिशेबाने अंगावर बाकी निघाली, तर पुढचा हंगामही त्याच भट्टीवर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली असली, तरी अडीनडीला पैसे देणारा मालक देवमाणूस ठरतो आणि त्या उपकाराखाली दबलेला माणूस मजुरीचा दर विचारू शकत नाही. एकीकडे उशिरा आलेला पगार, दुसरीकडे आधी आलेली उचल. दोन्हींत कामगाराच्या पैशाची वेळ मालकाच्या हातात राहते.

म्हणून १८८४ च्या त्या निवेदनाने जे मागितले ती दया नव्हती, नियम होता. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. ही सुट्टी मालकांच्या औदार्याची कमाई म्हणून, नाहीतर आरामाचा दिवस म्हणून सांगितली जाते. खरे तर त्या दिवशी मालकाच्या अधिकाराला पहिली हद्द पडली: आठवड्यातला एक दिवस त्याचा नाही, आणि तो कोणता हे आधीपासून ठरलेले आहे.

पुढची वाट परिचित आहे. १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत घरे, शाळा आणि माणुसकी होती, पण तिचा आधार एका माणसाचा स्वभाव होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतील पाहणीत तास कमी करूनही एकूण उत्पादन टिकते, कधी वाढतेही, असे आढळले. हॉथॉर्नच्या प्रयोगांतून 'लक्ष दिले की माणूस अधिक काम करतो' एवढाच धडा उचलला गेला. प्रयोगासाठी वेगळ्या खोलीत बसवलेल्या कामगार स्त्रियांना विश्रांतीच्या वेळा आणि छोट्या गटाच्या उत्पादनावर मिळणारा मोबदला होता, आणि पाचांपैकी दोघींना जानेवारी १९२८ मध्ये, फार बोलतात म्हणून, बदलण्यात आले होते, हे पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

लोखंड्यांचा धागा खऱ्या अर्थाने उचलला तो बाबासाहेब आंबेडकरांनी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळताना त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद चालवली. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले ते १९४६ मध्ये. १९४८ च्या कारखाना कायद्याने उपाहारगृह, विश्रांती, पाळणाघर ही मालकाची मर्जी न ठेवता तपासता येण्याजोगी कर्तव्ये केली, आणि १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी असे ठरवले. बोरघाटातल्या दंगलीला मिळालेले हे उत्तर एकशे अकरा वर्षांनी आले.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास मंजुरी दिली आणि त्यासाठी कामगाराच्या लेखी संमतीची अट घातली. ज्याचा पगार ठरल्या तारखेला येतो, ज्याच्या अंगावर बाकी नाही आणि ज्याची नोकरी 'नाही' म्हटल्याने जात नाही, त्याच्याच संमतीला अर्थ असतो. बाकीच्यांची सही ही अंगठ्याची सुधारलेली आवृत्ती. माणूस सुखी ठेवला की काम चांगले होते, हे खरेच. कारण उद्याचा घोर नसलेला माणूस यंत्राचा बिघाड वेळेवर सांगतो, खाडे कमी करतो आणि चूक लपवत नाही. परंतु ही फळे हमीच्या झाडाला लागतात. व्याख्यान आणि योगासने यांना कोणाचीच हरकत नसावी. त्यांच्या आधी मात्र रिसॉर्टाच्या स्वयंपाकघरातल्या माणसाला त्याची सुट्टी कोणत्या वारी आणि पगार कोणत्या तारखेला, हे विचारावे, आणि उत्तर देण्याची जबाबदारी यजमान कंपनीने कंत्राटदारावर ढकलू नये.