शेजारधर्म कोणी पाळायचा?

ज्याला समाज आपला मानत नाही, त्याने शेजारधर्म पाळावा काय? केइजी नाकाझावा यांच्या ‘हादाशी नो गेन’ या जपानी चित्रकथेतील पाक हे दुय्यम पात्र आम्हाला हा प्रश्न विचारते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा लेखक सहा वर्षांचे होते. त्यांची ही कथा १९७३ पासून साप्ताहिकातून प्रसिद्ध होऊ लागली.

कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. गेनचे वडील युद्धाविरुद्ध बोलतात म्हणून मोहल्ला त्यांना देशद्रोही ठरवतो. माया लावतो तो शेजारचा कोरियन पाक. बॉम्ब पडल्यावर गेन मोहल्ल्याच्या पुढाऱ्याला ढिगाऱ्यातून सोडवतो. तो मात्र गेनच्या अडकलेल्या माणसांसाठी थांबत नाही. घर पेटल्यावर गेनच्या आईला तेथून दूर नेतो तो पाकच. पुढे पाकच्या भाजलेल्या वडिलांवर, ते कोरियन म्हणून, उपचार नाकारले जातात.

मग पाकची माणुसकी वाया गेली काय? आम्हाला तसे वाटत नाही. शेजारधर्म हा देण्याघेण्याचा व्यवहार नव्हे. पण पाकचे गुणगान करून समाज सुटत नाही. पीडिताकडून चांगुलपणाची अपेक्षा करणे सोपे असते. त्याला हक्क देणे अवघड जाते. हिरोशिमातील कोरियन मृतांचे स्मारक १९७० मध्ये शांती उद्यानाबाहेर उभे राहिले. ते आत यायला १९९९ साल उजाडले. पाक आपल्या परीक्षेत केव्हाच उतरला होता. दार ज्यांच्या हाती होते, त्यांना एकोणतीस वर्षे लागली.